भाईंदरची चार घरं आफ्रिकेला

आमच्या चर्चच्या ग्रुपमधली दोन माणसं लग्नात, मयताला, मासळीबाजारात, कुठेही भेटली की तिसऱ्या वाक्याला आफ्रिका येतेच. गेलो होतो आम्ही एकदाच, सत्तर सालच्या आसपास. चार कुटुंबं आणि एक फादर, जेमतेम दोन महिने. पण किस्से इतके साठलेत की ऐकणाऱ्याला वाटावं, आम्ही अर्धं आयुष्य तिकडेच काढलं! तिकडच्या किनाऱ्यावर एका खेड्यात मिशनची शाळा उभी राहत होती. पुरुषांनी छप्पर घालायचं, बायकांनी शिवण शिकवायचं, असं ठरलं होतं. मी तेव्हा वीस वर्षांची. आई-पपांबरोबर गेले.

* * *

पासपोर्टच्या ऑफिसात साहेबाने आमच्यातल्या रोजामावशीला विचारलं, "कशासाठी जाताय?"

फादरांनी सगळ्यांकडून 'सेवेसाठी' असं घोकून घेतलं होतं. मावशी घाबरली आणि खरं ते बोलून गेली, "परकर शिवायला!"

"का? तिकडे शिंपी नाहीत?"

"असतील ना, साहेब. पण बायकांची मापं कोण घेणार?"

साहेबाने धाडकन शिक्का मारला.

* * *

पास्कूकाका शेजारच्या उत्तनचा कोळी, अख्खा जन्म होडीत गेलेला. बोटीवर चढताना सगळ्यांना धीर देत होता, "घाबरायचं न्हाय, दर्या आपलाच हाय!"

मुंबईचा किनारा दिसेनासा झाला आणि पहिली उलटी काकालाच झाली! आमच्यातली काशीगावची शेतकरी माणसं, कधी होडीत न बसलेली, मजेत जेवतायत आणि काका लिंबू चोखत आडवा. चौथ्या दिवशी एका खलाशाला दया आली. त्याने काकाला बोटीच्या पुढच्या टोकाला नेऊन उभं केलं. समोर नुसतं निळं पाणी, त्यातून उडणारे मासे, आणि कुठेच काठ नाही. दहा मिनिटांत काका ठणठणीत!

"आता कसं काय बरं वाटलं?" मी विचारलं.

"आता मीच चालवतोय ना!"

* * *

पपा जन्मभर भाईंदरच्या मिठागरात राबलेले. पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी ते छपरावरून गायब! शोधत शोधत मी आणि फादर गावाबाहेर गेलो, तर पुढे चिखलाची खाडी आणि मिठाचे चौकोन. क्षणभर मला कळेना आपण कुठे आहोत. पाण्यात सगळं आभाळ उतरलं होतं आणि पपा, एका गोल टोपीवाल्या म्हाताऱ्याबरोबर, ढगांवरून चालत मीठ ओढत होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

फादर पपांवर चिडले. "कैतान, आपण मिशनसाठी आलोय ना?"

पपांनी चिमूटभर मीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. "चाखून बघा, फादर. कडू हाय. जुनं पाणी सोडून द्यायला पाहिजे. पहिलं हे, मग छप्पर!"

दुसऱ्या दिवशी फादरही झगा खोचून चिखलात!

* * *

रोजामावशीच्या शिवणवर्गात आठ-दहा मुली यायच्या. मावशीला तिथली स्वाहिली भाषा येत नव्हती, पण म्हणून ती गप्प बसेल? दिवसभर आपल्या बोलीत ओरडायची, "अगो, तसा न्हाय, असा!" मुली खुदुखुदु हसायच्या. मावशीला वाटायचं, हिच्या डोक्यात काही जात नाही, तिच्या डोक्यात काही जात नाही, आपण उगाच आलो.

शेवटच्या आठवड्यात मावशी चष्म्याशिवाय काजं करत बसली होती. सगळ्यात लाजाळू मुलीने थोडा वेळ बघितलं, हळूच तिच्या हातातून सुई काढून घेतली आणि म्हणाली,

"अगो मावशी, तसा न्हाय, असा!"

* * *

माझी धाकटी बहीण तेरेजा दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. तेव्हापासून आईने तिचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याशीही कामापुरतं बोलायची. पपांनी खूप आर्जवं केली, म्हणून आफ्रिकेला आली.

तिथे रोज दुपारी एक म्हातारी यायची आणि आंब्याखाली आईच्या शेजारी चटईवर बसायची. शाळेच्या ओट्यावरून मला दोघी दिसायच्या. कधी हिचे ओठ हलतायत, कधी तिचे. झाडाची सावली लांब होत जायची तरी दोघी उठायच्या नाहीत.

निघायच्या दिवशी म्हातारी आईला सोडेना. तिथल्या मास्तरांना इंग्रजी येत होतं. मी त्यांना म्हटलं, "विचारा ना, ह्या दोघी रोज काय बोलायच्या?"

म्हातारी बराच वेळ बोलली. मास्तरांनी सांगितलं, "म्हणतात, तुमच्या आईची एक लहान मुलगी होती. कुरळ्या केसांची. निळा फ्रॉक धुवायलासुद्धा काढून द्यायची नाही. भाताची खरवड खायला चुलीशी बसून राहायची."

ही तर आमची तेरेजा! आईला म्हटलं, "तू तेरेजाचं सगळं सांगितलंस हिला?"

"मी?" आई म्हणाली. "मी काय न्हाय सांगितलं. मी नुसती ऐकत व्हते. हिचीच पोर विहिरीत पडली, तेच तर ही रोज सांगायची. डाव्या गालावर तीळ व्हता पोरीच्या."

मी ते इंग्रजीत सांगितलं, मास्तरांनी तिच्या भाषेत. म्हातारीने आपल्या डाव्या गालाला हात लावला आणि आईकडे बघत अगदी थोडंसं बोलली.

मास्तरांनी ते मला सांगितलं.

"म्हणतात, माझ्या मुलीबद्दल मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मीसुद्धा नुसती ऐकत होते."