दुसरी ‘ब’ची वीत

गणिताच्या पुस्तकात लांबीचा धडा आला की मी मुलांना आधी पट्टी देत नाही. आधी हाताने मोजायचं, मग पावलाने आणि शेवटी पट्टी. गेल्या वर्षी दुसरी ‘ब’ माझ्याकडे होती. वसईत होळी नावाचा भाग आहे, तिथल्या वाड्यांना लागून असलेली आमची शाळा. मुलं दोन प्रकारची. काही आसपासच्या बागायती घरांतली, चालत येणारी. काही नायगावच्या नव्या टॉवरांतली, व्हॅनने येणारी. मी स्वतः जवळच्याच नंदाखाल गावची. त्यामुळे घरी एक बोली, वर्गात दुसरी आणि व्हॅनवाल्या मुलांशी बोलताना अधूनमधून हिंदीही, अशी माझी सवय झालेली.

त्या दिवशी मी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून वीत कशी असते ते दाखवलं आणि सांगितलं, आपापला बाक मोजा, उत्तर फळ्यावर लिहा. बाक सगळे एकाच सुताराने केलेले, एकसारखे. तरी फळ्यावर आठही आले, नऊही आले. सगळ्यात कमी, म्हणजे आठ, वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाचे. तो होळीतल्याच एका भाजीवाडीतला. आणि सगळ्यात जास्त, म्हणजे दहा, पहिल्या बाकावरच्या एका मुलीचे.

ही मुलगी वर्गात सगळ्यात लहानखुरी. नायगावच्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहायची. जूनमध्येच तिची आई मला भेटून गेली होती. मुलगी जेवते, दूधही पिते, पण उंचीच धरत नाही, अशी तिची काळजी. खाली खेळायला गेली तर मुलं तिला कच्चं लिंबू म्हणून घेतात आणि मग ती वर निघून येते, असंही सांगत होती. वर्गातही ती कमी बोलायची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची तो खांद्याएवढाच, मला दिसलाच तर दिसावा असा.

त्या दिवशी मात्र ती फळ्यापाशी उभी राहून सगळे आकडे वाचत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “टीचर, माझे सगळ्यात जास्त आले.”

तेवढ्यात मागून तो उंच मुलगा म्हणाला की हिने चुकीचं मोजलंय. मी तिला त्याच्याच बाकावर पुन्हा मोजायला सांगितलं. सगळा वर्ग बाकाभोवती गोळा झाला. तिने एकेक वीत अशी जपून टाकली, की बोटाच्या टोकाला बोट लावताना श्वाससुद्धा धरून ठेवत होती. पुन्हा दहाच.

आता पुस्तकात दिलंय तसं मी समजावून सांगू शकले असते. पण त्या मुलाच्या कपाळावर आठ्या पडलेल्या पाहून मी थांबले. त्याने स्वतःचा हात बाकावर पसरला, तिला शेजारी हात ठेवायला लावला आणि दोन्ही हातांकडे बघत बसला.

“टीचर, हिची वीत बारकी आहे,” तो म्हणाला. “म्हणून हिला जास्त लागतात.”

वर्गाला ते एकदम पटलं. तिचा चेहरा मात्र उतरला. मग मी जिंकले नाही का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, यात कुणी जिंकत नाही, पण तू अगदी बरोबर मोजलंस, दोन्ही वेळा. तेवढ्याने तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मी मुलांना विचारलं, आता सगळ्यांचं उत्तर सारखं यायला हवं तर काय करायचं? कुणीतरी म्हणालं, टीचरचा हात घेऊ. त्यावर दुसरी एक मुलगी म्हणाली की टीचर शाळा सुटल्यावर घरी जातात, मग त्यांचा हातही जाणार. बराच वेळ वाद झाला. शेवटी त्या उंच मुलानेच सुचवलं की पहिल्या बाकावरच्या मुलीची वीत घेऊ, कारण ती कधीच गैरहजर नसते. हे कारण सगळ्यांना बिनतोड वाटलं. मी तिला विचारलं, चालेल का? तिने मान डोलावली आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिने हात ताणून ठेवला, मी पेन्सिलने खुणा केल्या आणि त्या मापाच्या पट्ट्या कापून सगळ्यांना वाटल्या. त्या दिवसापासून दुसरी ‘ब’ने जे दिसेल ते मोजलं. फळा, दार, पाण्याची टाकी, एकमेकांची दप्तरं. एकदा मुख्याध्यापिकांनी मला ऑफिसात बोलावलं. एका मुलीने जिन्यात त्यांना थांबवून, भिंतीला टेकवून मोजलं होतं आणि तुम्ही तेरा विती आहात असं सांगितलं होतं. मी माफी मागायच्या तयारीत होते. त्यांनी फक्त विचारलं, “कुणाच्या विती?” मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी एक पट्टी मागून घेतली आणि टेबलावरच्या पेनांच्या डब्यात उभी करून ठेवली.

दुसरीचे दोन कार्यक्रम ठरलेले होते. सप्टेंबरात वाडीची भेट आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांसाठी ‘आमचा वर्ग’. वाडी त्या उंच मुलाच्याच घरची. पावसाने उघडीप दिली तशी आम्ही पट्ट्या घेऊन चालत गेलो. त्याची आई बांधावर वाट बघत उभी होती. ती माझ्याशी तिच्या घरच्या बोलीत बोलली, मी माझ्या. टॉवरमधली मुलं आमच्या तोंडांकडे बघत राहिली.

पडवळाच्या मांडवाखाली गेलो तर पडवळं वरून लोंबत होती आणि प्रत्येकाच्या शेपटीला दोरीने दगड बांधलेला. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून बांधतात, हे त्या मुलाने सगळ्यांना इतक्या ऐटीत सांगितलं की त्याची आई तोंडावर पदर धरून हसली. सगळ्यात लांब पडवळ मोजायचं ठरलं. वीत जिची, मोजायचा मान तिचा. ती भाजीच्या पालथ्या क्रेटवर चढली, पट्टी वर लावली आणि खालच्या खुणेला बोट टेकवायला वाकली. क्रेट हलला. आधारासाठी तिने जे हाताला लागलं ते धरलं. पडवळ मधोमध मोडलं आणि दगडासकट खाली आलं.

तिचे डोळे भरून आले. त्या मुलाची आई पुढे आली, तिला क्रेटवरून खाली उतरवलं, कुठे लागलं का ते पाहिलं. मग वरचा तुकडा वेलावरून काढून दोन्ही तुकडे तिच्यासमोर मातीत ठेवले.

“मोजायचं राहिलं ना तुझं?” ती म्हणाली. “आता खाली बसून मोज. हे बरं.”

वरचा तुकडा पाच विती भरला, खालचा चार. बेरीज सगळ्या वर्गाने ओरडून केली. त्या बाईंनी पडवळाच्या जाड भागाच्या चकत्या कापल्या, आतला गर काढला आणि एक चकती बांगडीसारखी तिच्या हातात सरकवली. ती अलगद मनगटापर्यंत गेली. मग सगळ्यांनाच बांगड्या हव्या झाल्या. बहुतेकांच्या हातात त्या शिरेनात. त्या उंच मुलाच्या तर दोन बोटांतच अडकली आणि तो तशीच घालून परत शाळेत आला. पहिल्या बाकावरची ती मुलगी सबंध रस्ताभर बडबडत होती. मांडव, दगड, क्रेट, सगळं मला पुन्हा सांगत होती. जणू मी तिथे नव्हतेच.

पालकांच्या दिवशी मुलांनी पालकांना मोजायचं असं ठरवलं होतं. ती येईल का पुढे, ही शंका मला शेवटपर्यंत होती. तिचे वडील अर्धी रजा घेऊन आले होते. त्यांना भिंतीला उभं करून ती खुर्चीवर चढली. मी खुर्ची घट्ट धरली. मोजून झाल्यावर तिने चौदा विती आणि थोडंसं, असं जाहीर केलं आणि पट्टी कशी बनवली, बाक मोजताना काय भांडण झालं, हे सगळं न अडखळता सांगितलं. दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी तिला गमतीत विचारलं, सेंटिमीटर शिकवत नाहीत का तुम्हाला?

“सेंटिमीटर सुट्टीनंतर आहेत,” ती म्हणाली. “आधी हे नीट व्हायला पाहिजे.”

वर्गभर हशा झाला. ती हसली नाही, तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तिची आई दाराशी उभी होती. उंचीविषयी मला आणखी विचारायचं तिच्या मनात होतं बहुतेक. पण ती त्या वाडीवाल्या आईशी बोलायला लागली. पडवळ कसं करतात, हरभऱ्याची डाळ किती भिजवायची, असं काहीबाही. आणि जाताना तिने मला फक्त पुढच्या वर्षीच्या टीचर कोण असतील ते विचारलं.

सुट्टीनंतर सेंटिमीटर आले. पट्टीवरच्या बारीक रेघा बघून मुलं जरा कंटाळलीच. त्या उंच मुलाने विचारलं, या रेघा कुणाच्या बोटाच्या? मी म्हटलं, कुणाच्याच नाहीत. सगळ्या देशांनी मिळून ठरवल्या. हे त्याला फारसं आवडलं नाही. पहिल्या बाकावरून एक हात सरळ छतापर्यंत वर गेला आणि मी नाव घ्यायच्या आधीच ती उठून विचारायला लागली, “टीचर, ठरवताना त्यांचं पण भांडण झालं होतं का?”

मी म्हटलं, झालं असणार. मग आम्ही बाक पुन्हा मोजायला घेतला.