टेलरबाईचा अंगठा

“मॅडम, परवा एका टेलरबाईचा उजवा अंगठा काढावा लागतोय. त्याआधी तुम्ही एकदा स्लाइड बघून घ्या,” सर्जन डॉ. कुरेशी फोनवर म्हणाले.

“रिपोर्ट कोणाचा आहे?”

“निखिलचा. मेलॅनोमा म्हणतोय. मॅडमना दाखवा, असंही तोच म्हणाला.”

शेवटचं वाक्य मला झोंबलं.

मी बुलढाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून आजाराचं नाव सांगणारी डॉक्टर. बरीच वर्षं गावात हे काम माझ्या एकटीकडे होतं. मग निखिल आला. तरुण, हसरा, कामात हुशार. त्याच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा आहे. पेशींचे फोटो बाण काढून सर्जनच्या मोबाइलवर जातात. सर्जनच्या मुलांचे वाढदिवससुद्धा त्याच्या लक्षात असतात. माझ्याकडे येणाऱ्या बायोप्सीच्या बाटल्या हळूहळू त्याच्याकडे वळल्या. त्याच्यात एखादी खोट सापडली असती तर मला फार बरं वाटलं असतं. स्पष्टच सांगते, मी त्याच्यावर जळत होते.

स्लाइड आली. मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो वाईट असतो, लवकर पसरतो, म्हणून अंगठ्यासारख्या जागी कधीकधी अंगठाच काढावा लागतो. साधा तीळ सहसा गोल, एका रंगाचा, नीट कडेचा असतो. वेडीवाकडी कड, दोन-तीन रंग आणि झपाट्याने वाढ दिसली की डॉक्टर सावध होतात. कुरेशींनी पाठवलेल्या अंगठ्यावरच्या तिळाच्या फोटोत हे सगळं होतं. स्लाइडमध्येही त्वचेच्या वरच्या थरात काळ्या पेशी वाटेल तशा विखुरलेल्या होत्या.

म्हणजे निखिल बरोबर होता. ‘सहमत’ लिहून मोकळं व्हायला हवं होतं, पण माझा हात काही चालेना. एवढ्या सहज त्याला बरोबर म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि चक्क त्याची चूक शोधायला बसले.

तेव्हा एक गोष्ट दिसली. त्या बिघडलेल्या पेशींच्या बरोबर खाली जखम भरल्याचा व्रण होता. व्रण संपला की वरच्या पेशींचा गोंधळही संपत होता. मेलॅनोमा अशी हद्द पाळत नाही. मी कुरेशींना फोन लावला.

“या जागी आधी काही केलं होतं का?”

“मी स्वतः विचारलं मॅडम. नाही म्हणाली.”

“तिला माझ्याकडे पाठवा.”

“तुम्ही कधीपासून पेशंट बघायला लागलात?”

“आजपासून,” मी म्हटलं.

वंदनाबाई देऊळघाटहून दुपारीच आल्या. पस्तिशीच्या, नीटनेटक्या. अंगठा पदरात झाकून बसल्या.

“अंगठा गेला त कैची कशी धरू मी?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“या तिळावर तुम्ही काय लावलं होतं?”

“काही नाही.”

“मी रागावणार नाही. सांगा.”

त्यांनी पदराखालून अंगठा बाहेर काढला. मग म्हणाल्या, “कैचीचं कडं घासे त्याच्यावर. रगत निघे. गिऱ्हाइकाच्या कापडाले डाग पडे. मंग चुना न् सोडा कालवून लावला. जळून पडला तो. दिवाळीनंतर पुन्हा आला, त पहिल्यापेक्षा काळा.”

“मग डॉक्टरांना काऊन नाही सांगितलं?”

“त्यायनं इचारलं, आपरेशन झालं व्हतं काय? नोतं झालं. मी नाही म्हटलं. चुन्याचं सांगतलं की डॉक्टर लोकं खेकसतात.”

चुना-सोड्याने तीळ वरवर जळतो, मुळं राहतात. उरलेल्या पेशी व्रणावर घाईघाईने पुन्हा वाढतात आणि हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात. खात्रीसाठी मी त्याच तुकड्यातून आणखी खोल काप घेतले. व्रणाखाली जुन्या तिळाचे अवशेष सापडले. तिळाच्या पेशी खाली जातील तशा लहान आणि शांत होतात. या तशाच होत्या.

निखिलला फोन करताना मी आनंदात होते, हे लपवत नाही. तो लगेच आला, स्लाइड बघितली आणि म्हणाला, “मॅडम, चुकलो होतो. बरं झालं तुम्ही पाहिलंत.” धड भांडलासुद्धा नाही. आम्ही नागपूरच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचंही मत घेतलं. ते आमच्यासारखंच आलं. कुरेशींनी उरलेला तीळ तेवढा काढला, अंगठा राहिला. मूळ रिपोर्ट निखिलचा, म्हणून सुधारलेला रिपोर्टही रीतीप्रमाणे त्याच्याच सहीने गेला.

काही महिन्यांनी कामासाठी निखिलच्या लॅबमध्ये गेले. साहेब नव्याकोऱ्या पांढऱ्या ॲप्रनमध्ये. अंगावर चपखल बसलेला, खिशावर निळ्या दोऱ्याने नाव.

“वंदनाताईंनी शिवून दिला,” तो संकोचून म्हणाला. “नको म्हटलं तरी माप घेऊन गेल्या. अंगठा तुमच्यामुळे वाचला, हे मी दोनदा सांगितलं मॅडम.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, त्या मॅडमनं त निस्ती इचारपूस केली, अंगठा वाचल्याचा कागद तुमच्याच सहीचा व्हता.”

मी ॲप्रनची बाही हातात घेऊन बघितली. शिवण सरळ होती, एकही टाका चुकला नव्हता. अंगठा उत्तम चालत होता.

आता तिळाची बायोप्सी आली की मी पेशंटला बोलावते. ‘ऑपरेशन झालं होतं का’ असं विचारत नाही, ‘काय काय लावून पाहिलं’ असं विचारते. आणि पेशंट उठायला लागला की माझं नावही सांगते.