तिसरी तार

मिस्त्री भित्रा होता. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीत काढलेल्या माणसाबद्दल असं बोलणं शोभत नाही, पण खरं ते खरं. तुम्हीआम्ही लिफ्टमध्ये शिरतो, आरशात भांग सारखा करतो, बटण दाबतो आणि वर पोचलो की दार धाडकन आपटून चालू लागतो. मिस्त्री मात्र रोज सकाळी पहिल्या लिफ्टच्या टपावर पाय ठेवताना जीव मुठीत धरून असायचा. खाली काळा खड्डा, वर तेलकट दोर. पोटात गोळा यायचा आणि दुपारपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचा. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. घरात त्याची ख्याती धीट माणूस अशी होती, आणि ती मोडायलाही धीर लागतो.

भीतीपोटी त्याने काही सवयी लावून घेतल्या होत्या. त्यातली एक तारांची. लिफ्टला दोन दारं असतात: आतली जाळी आणि प्रत्येक मजल्यावरचं बाहेरचं दार. बाहेरचं दार एखाद्या मजल्यावर नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधताना गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, विजेच्या पॅनेलमध्ये, एक छोटी तार जोडावी लागते. ती जोडली की बाहेरची दारं उघडी आहेत का बंद, हे लिफ्टला कळत नाही. ती आपली चालत राहते. काम संपलं की तार काढायची. मिस्त्रीकडे अशा तीनच तारा होत्या, तिन्ही लाल. पेटी बंद करण्याआधी तो बोट ठेवून त्या मोठ्याने मोजायचा. एक, दोन, तीन. सोबतचे म्हणायचे, "झाली, मिस्त्रींची बालवाडी भरली!"

त्या दिवशी सकाळी लेकीने विचारलं, "बाबा, तुम्हाला तुमचं काम आवडतं का हो?" ती चपलांच्या दुकानात नोकरीला होती आणि दिवसभर लोकांचे पाय बघून वैतागली होती. सोडावी की धरावी, असं तिचं महिनाभर चाललं होतं.

"कामात आवडायचं काय? काम ते काम," मिस्त्री म्हणाला आणि पेटी उचलून निघाला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्याला ज्या इमारतीत पाठवलं होतं तिथली लिफ्ट आठवडाभर मधेच अडकत होती. दोन तरुण मेकॅनिक हात टेकून परत गेले होते. मिस्त्रीने अर्ध्या तासात दुखणं पकडलं. चौथ्या मजल्याच्या दाराची बिजागरी झिजली होती आणि दार केसभर खाली बसत होतं. बस, एवढंच! त्या मजल्यावर लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग चालायचा. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या हातात जादू आहे." एकतीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. मिस्त्रीची छाती फुगली. पोटातला गोळा कुठे गेला ते कळलंही नाही. गच्चीवर जाऊन त्याने चक्क गुणगुणत पॅनेलचं झाकण लावलं, गुणगुणतच पेटी बंद केली आणि जिना उतरला.

पावणेपाचला तो घरी पोचला. लेकीला सुट्टी होती.

"सकाळी विचारलंस ना? आवडतं मला माझं काम," तो दारातूनच म्हणाला. "आज कळलं बघ."

लेक हसायला लागली. "असं काय केलंत एवढं? दाखवा तरी."

त्याने टेबलावर पेटी उघडली. पकड काढली, टेस्टर काढला, तारा काढल्या. दोन.

त्याने पेटी उलटी केली. खिसे चाचपले. पिशवी झटकली. दोनच.

"बाबा, काय झालं?"

"त्या इमारतीच्या वॉचमनला फोन लाव. लिफ्ट बंद कर म्हणावं. आत्ता."

लेकीने तीनदा फोन लावला. वॉचमन उचलेना. वर्ग पाचला सुटत होता. मिस्त्री पायात चप्पल न घालताच धावत सुटला आणि मागून लेक.

रस्ता दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत मिस्त्रीने मनात नाही नाही ते पाहिलं. कदाचित तार तिथे खालीच पडली असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. इमारतीत पोचला तेव्हा लिफ्ट वर चालली होती. वॉचमनचा पत्ता नव्हता. मिस्त्रीने खिशातल्या किल्लीने लिफ्टचं तळमजल्यावरचं बाहेरचं दार उघडलं. तार काढलेली असती तर लिफ्ट जागच्या जागी थांबायला हवी होती.

लिफ्ट थांबली नाही. उघड्या दारासमोरून दोर सरकत राहिले.

"इथे उभी राहा," दार लावत तो लेकीला म्हणाला. "पोरं उतरली की कोणाला आत जाऊ देऊ नकोस. कोणालाही!"

वीज बंद करायची कळ गच्चीवर होती. तो जिन्याने पळत सुटला, ओरडत, "लिफ्टला हात लावू नका! कोणी हात लावू नका!" दुसऱ्या मजल्यावर त्याचा आवाज बसला. तिसऱ्यावर त्याला बाहेरच्या दाराच्या काचेतून खाली जाणारी लिफ्ट दिसली. आत खच्चून भरलेली मुलं, सगळी खिदळत होती. एकाने त्याला टाटा केला. मुलं आतली जाळी लावून निघाली होती. बाहेरचं दार लावलं असेल का?

नव्हतं लावलं. चौथ्या मजल्यावर ते सताड उघडं होतं. आणि तिथे, उंबऱ्यावर, चपलांची टोकं खड्ड्यावर आलेली, पाच-सहा वर्षांची एक मुलगी वाकून खाली गेलेल्या मैत्रिणींना बघत होती.

मिस्त्री ओरडायचा थांबला. हाक मारली तर ती दचकेल. धावलं तर दचकेल. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हळूच खाली बसला.

"काय गं," तो अगदी सहज बोलल्यासारखा म्हणाला, "तुझ्या हातात काय आहे?"

मुलीने मान वळवली. पाय तिथेच.

"चित्र."

"कशाचं?"

"हत्तीचं. पण बाई म्हणाल्या डुक्कर वाटतंय."

"बाईंना काय कळतंय? आण बघू इकडे. मला लांबचं दिसत नाही."

तिने जरा विचार केला. मग एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्याला मिस्त्रीने तिचा दंड असा पकडला की ती कळवळून रडायला लागली. तिला धरूनच तो उठला आणि दुसऱ्या हाताने त्याने दार लोटलं. वर्गातून बाई धावत आल्या आणि पोरीला त्याच्या हातातून ओढून त्याच्यावर खेकसल्या, "अहो, काय करताय हे?"

तो तसाच गच्चीवर गेला, कळ बंद केली आणि पॅनेल उघडलं. तार तिथेच होती.

लेक वर आली तेव्हा तो मशीनच्या खोलीत जमिनीवर बसून ढसाढसा रडत होता. बाबांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मी रोज घाबरतो गं," तो म्हणाला. "रोज. आजच तेवढा विसरलो."

ती त्याच्याजवळ बसली. बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "सगळी मुलं नीट उतरली, बाबा. कोणालाच काही कळलेलं नाही. चला घरी."

मिस्त्रीने डोळे पुसले आणि ऑफिसच्या साहेबांना फोन लावला. तार राहिल्याचं सांगितलं. दार उघडं असताना लिफ्ट चालल्याचं सांगितलं. उंबऱ्याच्या काठावर उभ्या मुलीचंही सांगितलं. सांगता सांगता त्याला कळत होतं की नोकरी जाणार; लेकीलाही कळत होतं.

पलीकडून साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "कोणी पाहिलं का?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "मी पाहिलं."