मी वाचलेला दगड

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. चाळीस वर्षं तिच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवलो, पण नाही सांगितलं. मुलांना तर नाहीच. त्यांच्या लेखी मी अजून ‘मुनशी’ आहे, आणि या शब्दाला ती हसतात तेव्हा मीही हसतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसलेले नाही. एवढंच. आणि रागानं सांगतोय. राग कुणावर? तेही येईल, पण मला सरळ बोलायची सवय नाही. ती असती तर हे लिहायची पाळीच आली नसती.

मी जिंतूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दू. घरात मराठी, रानात मराठी, मेंढरांना हाकायचं तेही मराठीत, आणि शाळेत गेलं की जीभच बदलायची. तिसरीत होतो, बाप गेला आणि शाळा सुटली. पुढं मामानं परभणीला आणून आप्पांच्या दुकानी लावलं. आप्पा म्हणजे कापसाचे अडत्ये. मोठं दुकान, पण मनानं साधा माणूस. पहिल्याच वर्षी मला हिवताप भरला, तर आप्पांच्या बायकोनं — आमच्या काकूंनी — तीन आठवडे मला आपल्या ओसरीवर ठेवून पेज पाजली. सख्खं कुणी केलं नसतं एवढं. हे मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं आता कधी कधी वाटतं. उपकार मानणाऱ्या माणसाला रोज भ्या असतं — आज आपलं काही उघडं पडलं, आज आपण नकोसे झालो, तर?

कारण उघडं पडण्यासारखं माझ्याजवळ होतं.

आप्पांच्या वह्या मराठीत, पण सरकारी कागद सगळे उर्दूत. तहसीलचा शिपाई एखादा कागद टाकून गेला की दुकानात सगळ्यांचे चेहरे उतरायचे. असाच एकदा कागद आला आणि मी म्हणालो, “मला थोडं येतं.” थोडं — हा शब्द मी खरा बोललो होतो. तो कुणी ऐकलाच नाही. त्या दिवसापासून मी वाचणारा झालो. खरं तर छापील अक्षर अडखळत लागायचं, हातानं लिहिलेलं बिलकूल नाही. मग काय करायचो? कागद घेऊन ‘शांतपणे वाचतो’ म्हणून बाहेर पडायचो, बाजारामागं इमामभाई नावाचा शिंपी होता त्याच्याकडून वाचून घ्यायचो, आणि परत येऊन गादीसमोर उभा राहून धडाधडा म्हणून दाखवायचो. इमामभाई कुणाला बोलला नाही. मशीन चालवता चालवता एवढंच म्हणायचा, “शिक ना रे पोरा, मी शिकवतो.” शिकलो का? नाही. वाचणारा म्हणून नाव झाल्यावर शिकायला बसायची लाज वाटायला लागली. म्हणजे बघा.

आप्पांची लेक मुंबईला दिलेली. एका हिवाळ्यात जावईबापूंचं पत्र आलं — या, तुम्हाला समुद्र दाखवतो. आप्पांनी आणि काकूंनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. सामान धरायला मला बरोबर घेतलं. मनमाडला गाडी बदलून मुंबई, तिथून आगबोटीनं पलीकडे, अलिबागेस मुक्काम. दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी फक्त आमच्यासाठी एक मोटार ठरवली, आणि जुनी बंदरं दाखवायला एक माहितगार माणूस — धाकूबाबा. साठीचा कोळी, पूर्वी गलबतावर तांडेल होता, म्हणजे गलबत त्याच्या हुकमात चालायचं. अंगात धुवट बंडी, पाय अनवाणी, आणि बोलणं असं की ऐकत राहावं.

रेवदंडा दाखवला, फिरंग्यांची पडकी देवळं आणि तट दाखवला. चौलात उभं राहून म्हणाला, हितं अरबांचे घोडे उतरत, हितून रेशीम जाई — आणि हात असा केला जणू ती गलबतं अजून लागायचीच आहेत. खाडी ओलांडायला होडी होती. फळीवर ठेवलेला पाय मी परत मागं घेतला. मी कोरड्या मुलखातला, एवढं पाणी मला कसं सहन व्हावं? मोटारवाला हसला. धाकूबाबानं मात्र माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “पान्याकडं बगू नको, माज्याकडं बग.” पलीकडे उतरेपर्यंत सोडलं नाही. परत येतानाही नाही. शहाळं फोडलं तेव्हा पहिलं माझ्या हातात दिलं, आप्पांच्या आधी.

त्या माणसाचं मी काय केलं ते आता सांगतो.

दुपारचं जेवण जावईबापूंच्या एका स्नेह्याच्या वाडीत होतं. गावाचं नाव लिहीत नाही — तेवढा भित्रा मी अजून आहे. नारळी-पोफळीची मोठी वाडी, आणि मालक भाऊसाहेब, गोड बोलणारे. वाडीच्या कडेला एक जुनी विहीर. आसपासच्या सगळ्या विहिरी खारट, हीच एक गोड, आणि कोळीवाड्यातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या इथूनच पाणी नेत. धाकूबाबाचं घरही त्याच वाड्यात. जेवताना भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. विहीर वाडीच्या आत घेऊन भिंत घालायची आहे, पाया खणून झाला आहे. पण हे लोक विहिरीवरच्या दगडाचं नाव घेऊन ओरडतात. म्हणतात, त्यावर लिहिलंय की पाणी सगळ्यांचं. “आता अरबी का फारसी, कोण वाचतो?” मग जावयाकडे बघून म्हणाले, “खरंच तसं निघालं तर मी भिंत घालणार नाही. चार लोकांत शब्द देतो.”

हे मी ऐकलं. घास तोंडात होता तेव्हा ऐकलं. तेव्हा कळलं नव्हतं असं मला म्हणता यायचं नाही.

जेवून विहिरीवर गेलो. धाकूबाबा दगडाची गोष्ट सांगायला लागला आणि आप्पा मधेच अभिमानानं बोलून गेले, “आमच्या पोराला येतंय ना हे! सरकारी कागद वाचतोय तो.” धाकूबाबाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. त्यानं माझे दोन्ही हात धरले. “हजार मानसा आनली मी हितं, बाला, पन वाचनारा आजच आयला! माजा बापूस सांगं, हितं लिवलंय, पानी सगल्यांचं. वाच, मोठ्यानं वाच. या बायांना पन आयकूं दे.” चार-पाच बाया हंडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. त्यात त्याची सूनही होती, पोटुशी.

मी वाकलो. दगडावर अक्षरांची नुसती जाळी होती — एकावर एक चढलेली, वेलीसारखी. असलं अक्षर मी जन्मात बघितलं नव्हतं. मागं इमामभाई नव्हता. “वाच की रे,” आप्पा म्हणाले, “काय बघायलास नुसता?” आणि भाऊसाहेब, हसत — “काय मुनशी? पाण्याबिण्याचं आहे का काही?”

काय बोलता आलं असतं? ‘मला येत नाही.’ तीन शब्द. जगात याहून सोपं काय आहे? फार तर आप्पा ओशाळले असते, जावईबापू हसले असते, परभणीला परतल्यावर पुन्हा कापसाच्या गासड्या मोजत बसलो असतो. मरत तर नव्हतो! पण ‘हो’ म्हटलं तर पुढचं वाचून दाखवा म्हणाले असते. ‘येत नाही’ म्हटलं तर आप्पांसमोर उघडा पडलो असतो. आणि ‘नाही’ मात्र वाचून दाखवावं लागत नाही.

मी उठलो, हात झटकले आणि म्हणालो, “थडग्यावरचा दगड हाय जी. कुनाचं तरी नाव हाय. पान्याचं काई न्हाई.”

असं म्हणालो. चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, त्या बायांना ऐकू जाईल असं.

कुणी ओरडलं नाही. बायांनी हंडे भरले आणि गेल्या. धाकूबाबानं दगडावर एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता तो भांडेल, मला खोटा म्हणेल — म्हणायला हवं होतं त्यानं! मनगट धरून पाण्यात ढकलायला हवं होतं! तर तो माझ्याकडे बघून, खाली मान घालून म्हणाला, “मंग माजा बापूस चुकला आसंल. त्याला तरी कुटं वाचता येत व्हतं.” आणि पुढं चालायला लागला. संध्याकाळपर्यंत त्यानं आम्हाला राहिलेलं सगळं दाखवलं, एक जागा सोडली नाही. फक्त गोष्टी सांगायचा बंद झाला. हा तट, म्हणायचा. ही तोफ. एवढंच.

परतताना मोटारीत काकू मला म्हणाल्या, “लय लवकर वाचलास रे. तहसीलच्या कागदाला तर दोन दोन घंटे लावतोस.” आप्पा हसले, “अगं, दगडावर अक्षर मोठं असतंय!” काकू हसल्या नाहीत, तोंड फिरवून बाहेर बघत बसल्या. त्यांना कळलं होतं. पेज पाजणाऱ्या बाईला कळलं होतं, आणि मी त्यांच्या पायाशी सामान धरून बसलो होतो.

पुढच्या दिवाळीला जावईबापू परभणीला आले. फराळ करता करता त्यांनी हकिगत सांगितली — भिंत झाली. कोळी मंडळी आली होती, पण भाऊसाहेबांनी एकच सांगितलं, निजामाच्या मुलखातला जाणता माणूस तुमच्याच धाकूनं बोलावून दगड वाचून घेतला, चार लोकांत. आता बायका वाळूतून मैलभर जातात. धाकूला त्याच्याच वाड्यातले लोक बोलतात, कशाला वाचायला लावलंस म्हणून. ओसरीभर हशा झाला. मी चकली मोडत होतो. मीही हसलो. आप्पांनी त्या दिवसापासून दुकानात मला मुनशी म्हणायला सुरुवात केली, आणि काळी टोपी आणून दिली. मी ती घातली. वर्षानुवर्षं घातली.

पुढं निजामी गेली. कागद मराठीत यायला लागले. माझी विद्या कुणाला लागेना आणि कुणी तपासेना. मी सुटलो. किती आनंद झाला होता मला, सांगू? राज्य गेल्याचा नाही — आता कुणी काही वाचायला सांगणार नाही याचा.

इतकी वर्षं मी मनाशी घोकत आलो: मला वाचता येत नव्हतं. अडाणी होतो, घाबरलो, तोंडातून गेलं. हे बरं असतं. अडाण्याला माणूस सोडून देतं. वरती तुम्हालाही मी तेच सांगितलं — अक्षरांची जाळी होती, काही लागलं नाही.

खोटं आहे ते. इथपर्यंत लिहूनही खोटंच लिहिलं.

एक शब्द लागला होता. खालच्या ओळीत, डाव्या अंगाला. उर्दू-फारसीतली पहिली दोन अक्षरं — डोक्यावर आडवी लाट असलेला अलिफ, त्याला लागून होडीसारखा बे, होडीखाली एक टिंब. पहिलीच्या पुस्तकातला शब्द, जो शाळेतलं सगळ्यात मठ्ठ पोरही वाचतं. आब. म्हणजे पाणी.

पुढंमागं काय होतं ते मला माहीत नाही. सगळ्यांचं म्हटलं होतं की एकाचं, ते देव जाणे. पण थडग्याचा दगड नव्हता तो, आणि पाण्याचं त्यावर होतं. मी वाकलेला असताना तो शब्द माझ्या डोळ्यांपासून वीतभर होता. तो मला कळला, आणि तो कळल्यावर — कळल्यानंतर — मी म्हणालो, पाण्याचं काही नाही.

नंतर मी चार वेळा मुंबईला गेलो. दोनदा आगबोटीच्या धक्क्यापर्यंत गेलो. बोट उभी होती. मी चढलो नाही. पत्र टाकता आलं असतं, मराठी तर मला लिहिता येतं. टाकलं नाही. धाकूबाबा त्या दिवशीच साठीचा होता. आपला बाप चुकला असं समजूनच तो गेला असणार. पाण्यापुरता तरी बाप चुकला नव्हता, आणि हे त्या किनाऱ्यावर आलेल्या माणसांत एकट्या मला ठाऊक होतं.