साडूभाऊंचे दोन डबे

पृथ्वीला आपला भार होऊ नये म्हणून इतकं जपून जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. हाच माणूस परगावचा कुणी असता तर मी चारचौघांत त्याचं तोंडभरून कौतुक केलं असतं. पण साडू म्हणजे आपली बायको रोज संध्याकाळी ज्याच्याशी आपली तुलना करते तो मनुष्य. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात वीज कंपनीत लाईनमन आहेत. त्यांचं घर गावाच्या टोकाला, माझं बाजारापाशी. येतात ते सायकलने. घरी मोटारसायकल आहे, पण तिच्यावर दोन वर्षांपूर्वी भोपळ्याचा वेल चढला आणि वेल मोडवेना म्हणून साडूंनी मोटारसायकल तशीच राहू दिली.

त्यांना मुलगी झाली तेव्हा मी बाळ बघायला जाताना डायपरचं सगळ्यात मोठं पाकीट घेऊन गेलो. साडूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि फार मायेने म्हणाले, "साडूभाऊ, आपली पोट्टी हे एकदा वापरीन, आन् मंग हे तिच्या नातवाच्या लग्नापर्यंत गावाच्या मांगं पडून राहीन. त्यापरीस तुमच्या मायची जुनी लुगडी हायेत काय घरी?" आमच्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं लागतं ते जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. नवं कापड बाराव्या दिवसानंतर. साडूंनी हा बारा दिवसांचा रिवाज तीन वर्षं चालवला. माझ्या आईची तीन लुगडी गेली, सासूबाईंच्या दोन साड्या गेल्या, शेवटी माझं लग्नातलं उपरणंही गेलं. त्यांचे लंगोट झाले, दुपटी झाली, झबली झाली. ती वाळत घालायला साडूंनी गच्चीपासून कडुलिंबापर्यंत जुन्या तारेची अशी काही लाईन ओढली की दोन्ही टोकांना चिनी मातीचे चिमणीएवढे इन्सुलेटर होते. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "सवय हाय."

पुढे मला मुलगा झाला तेव्हा तेच लंगोट, तीच झबली, घड्या घालून माझ्या घरी आली. माझी आई आपलं लुगडं ओळखून रडली. बायको खूश झाली. मी मात्र, आपल्या पोराला नवं काही मिळू नये काय, म्हणून दोन दिवस घुश्शात होतो. तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं चकचकीत नवे बैल घेऊन निघाली, तेव्हा माझ्या कडेवरच्या पोरासाठी साडूंनी जो लाकडी बैल आणला तो त्यांनी स्वतः लहानपणी ओढलेला होता. एक शिंग नवं होतं, एक चाक बाभळीचं आणि एक सागाचं. तो चालताना लंगडत असे. पोरगं त्याच्यावर इतकं खूश, की रात्री उशाशी घेऊन झोपलं. मला त्या बैलाचा रागच आला.

साडूंच्या मुलीच्या गळ्यात, दोरीला बांधलेला, स्टीलचा एक छोटा ग्लास असे. त्यावर तिचं नाव घातलेलं. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत जागोजागी सरबत वाटतात तिथे ही पोर आपला ग्लास पुढे करायची आणि मागे उभे राहून साडू वाटणाऱ्याला म्हणायचे, "दादा, याच्यात टाका. तुमचा पिलाष्टिकचा ग्लास वाचला." लोक हसत. काही जण दोनदा सरबत देत. मुलांना चिप्सचं पाकीट हवं असेल तर साडू नाही म्हणत नसत. खिशातून भाजलेल्या शेंगा काढत आणि टरफलं कोण लांब फेकतो याची शर्यत लावत. आंघोळ दोन्ही पोरांची एका घंगाळात, आणि ते पाणी वांग्याला. माझा मुलगा त्यांच्याकडून परत आला की त्याच्या अंगाला मातीचा वास येई आणि तो घरी आल्या आल्या नळ बंद कर म्हणून मला हाताने खुणा करी. अजून त्याला बोलता येत नव्हतं, पण उपदेश सुरू झाला होता.

हे सगळं मी विनोद म्हणून सांगत असे, चहाच्या टपरीवर, ऑफिसात. लोक पोट धरून हसत. एक गोष्ट मात्र मी सांगत नसे, कारण ती सांगितली की हसू थांबलं असतं. साडूंच्या घरामागे दोन शेतं सोडून गावचा कचरा पडतो. त्यांनी घर बांधलं तेव्हा तिथे बाभळी होत्या. आता डोंगर आहे, आणि तो कायम कुठून ना कुठून धुमसत असतो. थंडीत धूर वर जात नाही. तो जमिनीलगत सरकत येतो आणि साडूंच्या खिडकीशी थांबतो. मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हापासून तिची छाती भरायला लागली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येई. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं आणि सांगितलं, हिला धुरापासून दूर ठेवा. दूर म्हणजे कुठे, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

साडूंनी त्यावर काढलेला उपाय ऐकून मी तेव्हा कपाळाला हात लावला होता. त्यांचं म्हणणं, डोंगर काही आभाळातून पडला नाही, घराघरांतून गेला आहे. तर घराघरांतून जाणं कमी करायचं. ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांच्यापासून सुरुवात, कारण डायपर त्यांचे, दुधाच्या पिशव्या त्यांच्या, तुटकी खेळणी त्यांची. मग साडू रजेच्या दिवशी सायकलवर डबे बांधून गावभर फिरू लागले. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा. माझ्याकडेही दोन ठेवून गेले. मी म्हणालो, "अहो, एका तुमच्यानं काय होणार आहे?"

"साडूभाऊ," ते म्हणाले, "खांबावर चढलं का सारं गाव दिसते. कोनाच्या घरातून काय निंगते आन् कुठं जाऊन पडते, सारं दिसते. तुमी खाली राह्यता म्हून तुमाले दिसत नाई."

तीन आठवडे पंधरा-वीस घरांनी साडूंच्या धाकाने कचरा वेगळा केला. मग एका सकाळी साडू आपले दोन डबे घेऊन घंटागाडीशी उभे असताना गाडीवाल्याने हिरवा डबा घेतला, निळा घेतला आणि दोन्ही एकाच ढिगात उपडे केले. गाडीला दोन खण होते, मधली फळी केव्हाच निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी साडू स्वतः फळी आणि खिळे घेऊन आले आणि त्यांनी रस्त्यात गाडी थांबवून फळी ठोकून दिली. आठवड्याने ती फळी कुणीतरी चुलीला नेली. एकेक करून घरं गळाली. माझ्या हिरव्या डब्यात बायकोने ज्वारी भरून ठेवली. साडू विचारायचे, "डबे चालू हायेत ना?" आणि मी म्हणायचो, "हो तर." हे खोटं मी इतक्या वेळा बोललो की मला ते खोटं वाटेनासं झालं.

मग माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस आला. साडू महिनाभर आधी येऊन म्हणाले, विहारात दोनशे स्टीलची ताटं आहेत, मागितली की मिळतात, घासायला मी येतो. मी म्हणालो, "हो तर." आणि थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे ग्लास, फुगे, असं सगळं आणलं, कारण ताटं आणायची, मोजायची, घासायची, परत द्यायची, एवढा खटाटोप माझ्याच्याने झाला नाही. शिवाय चौकात आठ फुटी फ्लेक्स लावला. मध्ये माझ्या पोराचा चेहरा, डोक्यावर मुकुट, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्या रांगेत पहिलं नाव, मान म्हणून, साडूंचं.

ते आले. आधी वंदना झाली, मग केक कापला. साडूंनी मुलीचा ग्लास आणि स्वतःचं ताट पिशवीतून काढलं, जेवले, नळावर ताट धुतलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस घंटागाडी आलीच नाही. खरकटं कुजायला लागलं, बायको कटकट करायला लागली. तेव्हा मी सगळ्या पिशव्या आणि काढलेला फ्लेक्स भाड्याच्या ऑटोत घातला आणि दिवस मावळताना गावामागे नेऊन ओतला. ढीग धुमसत होताच. माझ्या ताटल्यांनी पेट घेतला. मी ढिगाकडे पाठ करून उभा होतो, म्हणून धूर कुणीकडे वाहतोय हे मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायचं टाळलं. पहाटे साडूंची मुलगी निळी पडली. तिला वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला. आठ दिवस ती नळीतून श्वास घेत होती, आणि ते आठ दिवस मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतो. लोकांना वाटलं, किती जीव लावणारा साडू आहे.

मुलगी घरी आल्यावर चार दिवसांनी साडू माझ्याकडे आले. काखेत एक गुंडाळी. उलगडली तर माझा फ्लेक्स. कडा जळून काळ्या झाल्या होत्या, मुकुट वितळला होता, शुभेच्छुक सगळे गेले होते. मधला पोराचा चेहरा मात्र स्वच्छ धुतलेला होता.

"त्या सांजी मी खांबावर होतो," साडू म्हणाले. "तुमाले येतानी पाह्यलं. उतरून धावत आलो, तुमी गेलते. बाकीचं काई हाती लागलं नाई. पोट्ट्याचं तोंड जळू देऊ काय?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "तुमी एकटे थोडीच हाये? सारं गावच टाकून राह्यलं." त्यांनी मला माफ केलं होतं, आणि त्या माफीत मी आणि गाव यात काही फरक नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या आठवड्यात मेहुणी मुलीला घेऊन पोहरादेवीच्या अलीकडे, आपल्या सासूच्या खेड्यात राहायला गेली. पोर तिथे अंगणवाडीत जाते, पळते, शिट्टी वाजत नाही. साडू दर रविवारी एसटीने जातात, अॅल्युमिनियमच्या डब्यात वांगी घेऊन. बाकी सहा दिवस त्या घरात एकटा माणूस, आणि दारात दोन डबे. एकट्या माणसाचा कचरा तो केवढा, पण हिरव्यातला हिरव्यात, निळ्यातला निळ्यात. घंटागाडी येते आणि दोन्ही एकत्र ओतते.

परवा माझ्या मुलाचा दुसरा वाढदिवस झाला. मी विहारातून दोनशे ताटं आणली. कुणी बघावं म्हणून नव्हे, पण सगळी मी घासली. साडू शेजारी बसून पुसत होते. मध्येच बायकोचा फोन वाजला, पलीकडे साडूंची मुलगी. व्हिडिओत तिने आपला ग्लास उंच करून दाखवला, लंगडा बैल कुठे आहे ते विचारलं आणि मग नेहमीचा प्रश्न.

"बाबा, धूर गेला काय? मी येऊ काय घरी?"

साडूंनी खिडकीकडे पाहिलं. आमच्या बाजारापर्यंत आला होता त्या दिवशी धूर.

"जाऊन राह्यला बेटा," ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी पुढचं ताट घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "डबे चालू हायेत ना, साडूभाऊ?"

मी म्हणालो, "हो." आणि उठून हिरव्या डब्यातली ज्वारी परातीत ओतली.