दाजींनी विणलेली बाज

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उभी हयात बसगाड्यांच्या वर्कशॉपात पत्राकाम करत होते. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, भाजी आणतात, पेपर दोनदा वाचतात. दाजींनी रेणापुरात एक भंगारातला पाण्याचा टँकर घेतला. त्याआधी लागोपाठ दोन पावसाळे बरे झाले होते, त्यामुळे टँकरला कुणी विचारत नव्हतं. त्यांनी वरची टाकी कापून काढली, खालची दोन चाकं आणि सांगाडा ठेवला, आणि त्यावर पत्र्याची एक खोली उभी केली. जीपच्या मागं जोडायची आणि निघायचं. गावात सगळे तिला डबा म्हणायचे. माझी बहीण, आमची अक्का, मात्र पहिल्या दिवसापासून तिला खोलीच म्हणाली.

आता लातूर जिल्ह्यातला माणूस खोली बांधतो म्हणजे काय करतो? ऊन अडवतो. दाजींनी छताला पांढरा रंग दिला, दोन्ही बाजूंनी हात-हात रुंद खिडक्या ठेवल्या, छताला वर उचलणारी झडप केली, आणि तळाच्या फळ्यांत मुद्दाम बोटभर फटी सोडल्या. "खालून हवा खेळली पायजे," असं ते मला समजावून सांगत होते, आणि मी नांदेडहून खास ते बघायला गेलेला सरकारी नोकरीतला शहाणा, मान डोलवत होतो. मे महिन्यात भर दुपारी त्यांनी मला आत बसवलं. बाहेर पत्रा पेटल्यासारखं ऊन, आणि आत मला चक्क डुलकी लागली. तेव्हाच मी मनातल्या मनात त्यांना मानलं होतं. तोंडानं मात्र कबूल केलं नाही. मेहुण्यानं दाजींचं कौतुक तोंडावर करायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत.

पण हा डबा उन्हाळ्यासाठी नव्हताच मुळी. अक्काला कुशीनगरला जायचं होतं. बुद्ध जिथं शेवटचे पहुडले ती जागा तिला बघायची होती, दुसरं काही नाही. आमच्या घरात सत्तर वर्षं झाली दीक्षा होऊन, पण तिकडं जाऊन आलेलं आमच्या घरातलं एकही माणूस नाही. तीन वर्षांपूर्वी विहारातल्या मंडळींबरोबर ती बसनं निघाली, आणि जबलपुरात छाती भरली. तिथल्या दवाखान्यात आठ दिवस काढून दाजींनी तिला परत आणलं. तेव्हापासून तिची फुप्फुसं नाजूक झाली. चार पायऱ्या चढली की ती थांबून भिंतीकडं बघत उभी राहायची, जसं काही भिंतीवर वाचण्यासारखं काही लिहिलेलं आहे.

बरं, जायचं तर उन्हाळ्यात तिकडं लू, पावसाळ्यात पूर, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, आणि फेब्रुवारीत हरभरा. उरला जानेवारी. लातूरच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "रात्री गारवा लागू द्यायचा नाही. रोज सकाळी ताप बघायचा. शंभराच्या वर गेला तर त्याच दिवशी गाडी माघारी वळवायची. कबूल असेल तर जा." दाजींनी त्यांच्यासमोर कबूल केलं. अक्कानं नुसतं डॉक्टरांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघितलं. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

मग दाजींनी सगळा डबा उलटा केला. म्हणजे जे जे गार राहावं म्हणून केलं होतं, ते ते ऊबदार राहावं म्हणून फिरवलं. तळाच्या फटी बुजवून वर प्लायवूड ठोकलं. भिंतीच्या पत्र्याला आतून थर्माकोल लावला, तो फ्रीजच्या दुकानांच्या मागं पडलेल्या खोक्यांतला. थर्माकोलवर अक्कानं शिवलेल्या गोधड्या, पत्र्याच्या पट्ट्यांत ताणून बसवलेल्या. खिडक्यांना आतून जाड प्लास्टिक. वरची झडप मात्र त्यांनी चार बोटं उघडी ठेवली आणि तिथं लोखंडी तुकडा वेल्ड केला, कुणी बंद करायची म्हटली तरी होऊ नये म्हणून. मी म्हणालो, दाजी, एवढं सगळं बुजवलं आणि ही उघडी?

"पाव्हणं," ते म्हणाले, "तीन माणसांचा श्वास आत कोंडला की पत्र्याला घाम फुटतो. गोधड्या वल्ल्या झाल्या की मेलोच. अन् आत शेगडी पेटवायची न्हाई. कितीबी गार पडू द्या. शेगडी माणसाला झोपंतच नेती."

हे ते कुठं शिकले, मला माहीत नाही. थंडीशी या माणसाचा संबंध म्हणजे डिसेंबरात पहाटे कानाला मफलर, एवढाच. पण पत्र्याशी तीस वर्षं बोललेला माणूस होता. पत्रा कधी तापतो, कधी घामेजतो, कधी कुरकुरतो, हे त्यांना माणसाच्या स्वभावासारखं माहीत होतं.

आणि मग बाज. अक्कासाठी त्यांनी आत लोखंडी चौकट वेल्ड करून बसवली आणि महिनाभर अंगणात बसून स्वतः सुंभानं विणली. अशी घट्ट, अशी देखणी वीण, की शेजारच्या बाया हात फिरवून बघून जायच्या. मी म्हटलं, फोमची गादी टाकू खाली, सोपं पडेल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी चोरी करायला सुचवलं होतं. घरच्या आजारी बाईला जमिनीवर निजवायचं? आमच्याकडं मोठ्या माणसाला बाज, हा मानाचा भाग आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला पीळ. आम्हा दोघा बाप्यांसाठी खाली जमिनीवर कडब्याची कुट्टी भरलेली पोती अंथरली होती. चाकूरच्या शेतातनं आणलेली. "आपल्याला काय, कसंबी चालतंय," दाजी म्हणाले.

नांदेडला मी गाडीत बसलो. मी आणि दाजी आळीपाळीनं चालवायचो, ताशी चाळिसाच्या वर नाही. मागं डबा असा डुलत यायचा की ढाब्यावर लोक चहा टाकून बघायला यायचे. यवतमाळ, नागपूर आरामात गेलं. शिवनीला पहिल्यांदा थंडीनं दात दाखवले. तिथून पुढं आमची एक पद्धतच पडून गेली. संध्याकाळी ढाब्यावर डबा लावायचा, वाऱ्याकडं पाठ करून. सकाळी ऊन आलं की सगळी पांघरुणं दोरीवर. दाजी झडपेखाली हात धरून ओल आलीय का बघायचे, भिंतीच्या गोधड्या चाचपायचे, आणि एक थेंब सापडला नाही की लहान पोरासारखे खूश व्हायचे. बाहेर गवतावर पांढरं दहिवर आणि आमच्या भिंती कोरड्याठाक. खरं सांगतो, मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता. मला रात्री कडब्यावर इतकं उबायचं की मी स्वेटर काढून झोपायचो.

जबलपूर ओलांडलं तेव्हा अक्कानं खिडकीतून मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "गेलं बाई एकदाचं." पण त्याच सकाळी ती खोकत होती. दाजींनी तिच्या अंगावर आणखी एक घोंगडं टाकलं. दुसऱ्या सकाळी नव्व्याण्णव. आणखी एक ब्लँकेट. एकूण सात पांघरुणं झाली. "ऊब हाय का?" ते विचारायचे. "हाय की," ती म्हणायची. तिचे ओठ मला निळसर वाटायचे, पण मी ते तिच्या आजारावर ढकललं. माझी सख्खी बहीण माझ्यापासून दोन हातांवर कुडकुडत होती आणि मी स्वेटर काढून घोरत होतो. याची मला आजही लाज वाटते.

रीव्याच्या पुढं एका ढाब्यावर सकाळी धुकं इतकं होतं की जीप दिसत नव्हती. थर्मामीटर निघालं शंभर पॉइंट सहा. दाजींनी ते दोनदा उजेडाकडं धरून बघितलं, तिसऱ्यांदा मला दिलं. मग म्हणाले, "माघारी." एवढंच. अक्का शाल गुंडाळून उतरली आणि ढाब्याच्या भट्टीपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दिलेल्या गोळ्या सुरू करा, आज दिवसभर हलू नका, उद्या सकाळी कमी झाला नाही तर मात्र माघारी. हे सांगायला मी डब्यात गेलो, तर दाजी बाजेवर आडवे झाले होते. पांघरुणांच्या घड्या घालायला म्हणून आत आले होते, आणि दमून पडले असावेत. सातही पांघरुणं अंगावर. मी बोलत होतो आणि ते ऐकत नव्हते. थोड्या वेळानं त्यांचे दात वाजायला लागले.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "खालून पाणी सोडल्यागत लागून राहिलंय."

ते उठले, गुडघ्यावर बसले आणि बाजेखाली हात घातला. तिथं आम्ही पिण्याच्या पाण्याचे कॅन ठेवले होते, जागा वाया जाऊ नये म्हणून. ते बर्फासारखे. त्यांच्यावरची गार हवा त्या देखण्या विणीतून सरळ वर. बाज असतेच त्यासाठी. आमच्या उन्हाळ्यात पाठीला वारा लागावा म्हणून तर बापजाद्यांनी ती विणली. वर सात काय, सतरा पांघरुणं घातली तरी खालून माणूस उघडाच. सगळा डबा उलटा केला आणि तेवढी एक वस्तू सुलटी राहून गेली, मानाची म्हणून.

दाजींनी अक्काला बोलावलं. ती दारात उभी राहिली.

"कधीपास्नं गार लागून राहिलंय?"

"शिवनीपास्नं."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

अक्कानं बाजेकडं बघितलं. "तुमी महिनाभर इणली ती. बोटं सोलली तुमची. कसं सांगू?"

दाजींनी मान खाली घातली. ते रागावतील असं मला वाटलं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. जीपमध्ये विळा होता, तो त्यांनी आणला. अक्का कळवळून म्हणाली, "अहो, कापू नगा. सोडून ठिवा, घरी लावू पुन्यांदा." पण चौकट त्यांनीच वेल्ड केलेली, ती निघणार कशी? आणि सुंभाच्या गाठी सोडवायला अर्धा दिवस गेला असता. त्यांनी पायथ्यापासून सुरुवात केली. विळ्याला सुंभ सहज तुटत नाही. करकर आवाज येत होता. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "माझी हाय, मीच कापतो." कापून झाल्यावर पाण्याचे कॅन बाहेर काढले, चौकटीच्या आत आमची कुट्टीची पोती दोन थरांत रचली, वर निम्मी पांघरुणं अंथरली आणि निम्मी पांघरायला ठेवली.

अक्का त्यावर बसली. हातानं दाबून बघितलं. मग आडवी झाली आणि काही मिनिटांतच झोपी गेली, सकाळी नऊ वाजता, ट्रकांच्या हॉर्नात. दाजी दाराशी बसून राहिले. एकदा म्हणाले, "एवढी वर्कशॉपात अक्कल चालवली, अन् घरच्या माणसाची पाठ कळली न्हाई." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाचं कौतुक तोंडावर करायला हवं. मी केलं. ते म्हणाले, "गप बसा, ती उठंल."

दुपारी तिला दरदरून घाम आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप अठ्ठ्याण्णव. दाजींनी थर्मामीटर झटकून पुन्हा लावायला सांगितलं, विश्वासच बसेना. तरी आम्ही आणखी एक दिवस थांबलो. ढाबेवाल्यानं त्या दिवशीच्या डाळीचे पैसे घेतले नाहीत, आणि परतीला हाच मुक्काम करा म्हणून बजावलं. त्यानंतर पाच रात्री आम्ही तिघं जमिनीवर दाटीवाटीनं झोपलो, पोती आता तिच्याकडं गेली होती म्हणून एक सतरंजी आणि जुनी बारदानं आमच्या वाट्याला. गार लागायचं. पण सकाळी अक्का उठून स्वतः चहा ठेवायची.

कुशीनगरला पोहोचलो ती दुपार होती, तरी ऊन नावालाच. अक्का त्या मंदिराच्या पायऱ्या चढली. मी मोजत नव्हतो, पण ती वाटेत कुठं थांबली नाही. आत पहुडलेल्या मूर्तीसमोर ती फरशीवर बसली, हात जोडले आणि डोळे मिटले. किती वेळ बसेल याचा काही नेम नव्हता. बाहेरून वारा येत होता. आजूबाजूची मंडळी आपापल्या म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यांवर शाली पांघरत होती. दाजींनी अंगावरची शाल काढली, तिची चौघडी केली, वाकून अक्काला हलकेच म्हणाले, "जरा ऊठ," आणि ती तिच्याखाली घातली.