अत्तार सरांच्या विलंबाचे कारण

अत्तार सर कुठल्याही शाळेत शिरले की चपला दाराबाहेर काढायचे, शेवटच्या रांगेत मुलांशेजारी बसकरावर मांडी घालून बसायचे आणि गुरुजींना पहिला प्रश्न विचारायचे, "आज कोण आलं नाही?" पट किती, हजर किती, याची त्यांना घाई नसायची. जो समोर नाही त्याचं नाव आधी. मग तो का आला नाही, काल आला होता का, घर कुठल्या आळीत, अशी चौकशी सुरू व्हायची. नवे गुरुजी गडबडून जात. आम्ही जुने गालात हसायचो. खरं तर मला हसायचा काही अधिकार नव्हता, कारण ही सवय त्यांना माझ्यामुळंच लागली होती.

सर साताऱ्याच्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे. वडील जत्रांतून अत्तर आणि सुरमा विकत हिंडलेले. सरांच्या अंगाला मात्र कायम खडूचा वास. बोलणं हळू, पण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांना एक सरकारी संशोधन प्रकल्प मिळाला. शिराळा तालुक्यातल्या आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या अकरा प्राथमिक शाळांत, मुलांना कितपत वाचता येतं ते तपासायचं. दोन वर्षांची मुदत आणि तेवढ्यापुरतं अनुदान. जिथं मुलं कच्ची निघतील तिथं सरकार वाचनाचे जादा वर्ग काढणार होतं.

आमची शाळा यादीत शेवटची. सर आले ते पंचायत समितीच्या जीपमधून, शेजारी शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी. जीप म्हटलं की आमच्या पिढीचे गुरुजी टोपी सावरत उभे राहायचे. जीप म्हणजे साहेब, साहेब म्हणजे तपासणी, आणि तपासणीचा शिरस्ता ठरलेला: भिंतींना चुना, फळ्यावर सुविचार, साहेबांना कोंबडीचं जेवण आणि कच्ची पोरं घरी. हे कुणी शिकवावं लागत नसे. माझ्या गुरुजींनी तेच केलं, मीही तेच केलं. समोर बसलेल्या मुलांनी धडाधडा वाचून दाखवलं, वीसपैकी अठरा-अठरा गुण मिळवले. सर खूश, मी त्याहून खूश.

परतीच्या वाटेवर जीप तापली. ड्रायव्हर पाणी आणायला ओढ्यात उतरला, मागोमाग सर उतरले, तर तिथं सात पोरं म्हशी पाण्यात घालून बसलेली. एकाच्या बगलेत पाटी. शाळा नाही का रे, म्हणून सरांनी विचारलं.

"हाय की," पोरगं म्हणालं, "पर आज सायेब येनार हाय. गुर्जी म्हनलं, कच्च्यांनी येऊ नगासा."

साहेब कोण, असं विचारल्यावर त्यानं जीपकडं बोट दाखवलं. हे सगळं सरांनीच मला पुढं सांगितलं, आणि सांगताना स्वतःवरच हसत होते. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

चारच दिवसांनी ते पुन्हा आले. या खेपेला कराडला एसटी बदलून, शिराळ्यात उतरून, पुढं अडीच मैल पायी. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या दिवशी किती मुलं घरी होती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक-दोन आजारी होती. "सात," सर म्हणाले. ओरडले नाहीत. "तुमचं चुकलं नाही असं मी म्हणणार नाही, गुरुजी. पण मी जीपनं आलो, तिथंच सगळं बिघडलं." अकराही शाळांत हेच झालं असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. जवळजवळ दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका त्यांनी गठ्ठे बांधून बाजूला टाकल्या आणि मुदतवाढीचा अर्ज केला.

त्या अर्जात एक रकाना असतो: विलंबाचे कारण. तिथं सगळं जग 'अपरिहार्य कारणास्तव' असं लिहितं आणि मोकळं होतं. सरांनी लिहिलं, 'संशोधक शाळांत जीपने गेला. त्यामुळे कच्ची मुले घरी ठेवली गेली. निष्कर्ष खोटे आहेत. पायी जाऊन चाचणी पुन्हा घ्यावी लागेल.' कार्यालयाचं उत्तर आलं: कोणत्या शिक्षकांनी मुले घरी ठेवली त्यांची नावे कळवावीत, मगच मुदतवाढीचा विचार होईल. अन्यथा हाती आहेत त्या निष्कर्षांवर मार्चअखेर अहवाल सादर करावा.

मला हे कळलं ते केंद्राच्या मासिक बैठकीत. केंद्रप्रमुख म्हणाले, तो साताऱ्याचा अत्तार अडकून बसलाय, नावं द्यायला तयार नाही. अकरा शाळांचे गुरुजी तिथं होते आणि जो तो सतरंजीचे पट्टे मोजत होता. खोटा अहवाल गेला असता तर आमची मुलं वाचनात पक्की ठरली असती आणि जादा वर्ग दुसऱ्या तालुक्यात गेले असते. खरं सांगावं तर नोकरीवर गदा. माझ्या दोन मुली लग्नाच्या, मुख्याध्यापकाची बढती तोंडावर आलेली. आठ दिवस मी नुसता घर ते शाळा आणि शाळा ते घर करत राहिलो. शेवटी बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "आवं, त्यो मानूस तुमच्यापायी अडकलाय, आन् तुमी हितं भाकरी मोडताय?"

मी कबुलीजबाब लिहिला. शाळेचं नाव, माझं नाव, घरी ठेवलेल्या मुलांची नावं. रविवारी साताऱ्याला गेलो आणि पत्र सरांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते वाचलं, मग बोटं मोजत पुन्हा वाचलं. आता हे माझी पाठ थोपटणार, असं मला वाटत होतं. मोठेपणा करायला गेलो होतो ना मी!

"गुरुजी, यात सहाच नावं आहेत," सर म्हणाले. "सातवं कोण?"

मी आठवायला लागलो. घरं आठवली, आळ्या आठवल्या, बसायच्या रांगा आठवल्या. सातवं नाव काही केल्या येईना.

"हौसा," ते म्हणाले. "म्हशीच्या पाठीवर बसली होती. तिसरीत आहे म्हणाली."

माझ्या वर्गात, माझ्या पटावर, रोज माझ्यासमोर बसणारी पोरगी. पापाची यादी करतानासुद्धा मी तिला घरीच ठेवलं होतं. मी सरांच्या घरी, त्यांच्या बायकोसमोर, हमसून हमसून रडलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. सरांनी माझं पत्र घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवलं. हे सरकारला धाडायचं नाही म्हणाले. मग मिस्कील हसले.

"त्यांना नावं हवीत ना? सगळीच देऊ."

युक्ती साधी होती. मी परत येऊन बाकीच्या दहाही गुरुजींना गोळा केलं. माझी फजिती मी सांगितली तेव्हा कुठं एकेकाची मान वर झाली. आम्ही प्रत्येकानं आपापल्या शाळेच्या कागदावर लिहून दिलं की आमच्या शाळेची चाचणी पुन्हा घ्यावी, पटावरचं एकही मूल घरी राहणार नाही. कुणी गुन्हा कबूल केला नाही आणि कुणी सुटलाही नाही. ती अकरा पत्रं जोडून सरांनी खाली लिहिलं, 'मला पैसे नकोत, सहा महिने हवेत.' कारवाई करायची तर अख्ख्या केंद्रावर करावी लागली असती, आणि ते कुठल्या साहेबाला झेपणार? मुदतवाढ आली. सहा महिने, वाढीव अनुदानाशिवाय.

ते सहा महिने सर रजा काढकाढून पायी हिंडले. कुणाच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खायची, पुन्हा चालायला लागायचं. टाचांना भेगा पडल्या तर खोबरेल लावून पुढच्या गावाला. हौसाची चाचणी त्यांनी तिच्या शेजारी बसून घेतली. तिला वीसपैकी दोन गुण मिळाले. मी मान खाली घातली. सर मात्र लहान पोरासारखे हरखले.

"दोन आहेत, पण खरे आहेत, गुरुजी. खऱ्या दोनावर पुढचं काहीतरी रचता येतं. त्या खोट्या अठरांचं काय लोणचं घालायचं?"

अहवाल गेला. पुढच्या जूनपासून आमच्याकडं जादा वर्ग सुरू झाले. सरांना शाबासकी कुणी दिली नाही. अहवालाच्या पोचेवर 'विलंबाने प्राप्त' असा लाल शिक्का तेवढा बसला. ती पोच ते लोकांना कौतुकानं दाखवायचे.

दशक सरता सरता मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. गावानं पटांगणात निरोपसमारंभ ठेवला. त्याच्या आदल्याच दिवशी साताऱ्याहून कार्ड आलं होतं. अत्तार सर गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या मुलानं लिहिलं होतं. गाव एवढ्या हौसेनं मांडव घालतंय, उद्या कार्यक्रम झाल्यावर सांगू, म्हणून मी कार्ड खिशात ठेवलं होतं. शाल-नारळ झाला, भाषणं झाली, मला बोलायला उभं केलं. सरांकडून तोंडाला लागलेली सवय, मी विचारून गेलो, "आज कोण आलं नाही?" मांडवातले सगळे हसले.

मागच्या रांगेतून हौसा उठली. आता ती शिराळ्याच्या हायस्कुलात जात होती.

"अत्तार सर आलं न्हाईत, गुर्जी."

मी खिशातलं कार्ड बाहेर काढलं आणि आधी त्यांचं नाव घेतलं. भाषण राहूनच गेलं.